यादी वाचा, मगच ‘वाय’ दाबा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यानंतर जुना लॅपटॉप टाकून न देता तुम्ही त्यावर उबुंटू किंवा डेबियन घातलं असेल, तर फार चांगलं केलंत. आता एक कळकळीची विनंती: फुकट मिळतंय म्हणून सगळंच इन्स्टॉल करू नका.

लिब्रेऑफिसचंच घ्या. त्या नावाचं पॅकेज मागवलं की रायटर, कॅल्क, इम्प्रेस, ड्रॉ, बेस आणि मॅथ असे सहाही भाग येतात. ते मेटापॅकेज आहे. बाकीच्यांना ओढून आणणं एवढंच त्याचं काम. तुम्हाला अर्ज लिहायचे आणि हिशेब ठेवायचे असतील, तर रायटर आणि कॅल्क यांची वेगळी पॅकेजं आहेत, तेवढीच मागवा. बेस डेटाबेससाठी असतं आणि त्याच्या काही कामांना जावा लागतं. डेटाबेस बनवणार नसाल तर दोन्हींसाठी जागा कशाला अडवायची? शिवाय जे ठेवाल, त्याचे अपडेटही उतरवत बसावे लागतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालवणाऱ्यांना हा भुर्दंडच.

निवडताना तीन शब्द ओळखा. ‘डिपेंड्स’मधलं पॅकेज नसेल तर प्रोग्राम चालतच नाही. ‘रेकमेंड्स’मधलं बहुतेकांना लागतं, म्हणून पॅकेजं बसवणारा ॲप्ट हा प्रोग्राम ते आपणहून आणतो. ‘सजेस्ट्स’मधलं तुम्ही मागितल्याशिवाय सहसा येत नाही. रेकमेंड्स वगळायची सोय आहे, पण ती सरसकट वापरू नका. नंतर एखादी सोय का चालत नाही, ते शोधताना नाकी नऊ येतात.

काही गोष्टी मात्र आवर्जून घ्या. लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत हवे असतील, तर मराठी भाषेचं पॅकेज वेगळं मागवा. देवनागरी अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील, तर लोहित देवनागरी फॉन्ट घ्या.

आधीच सगळं घातलं असेल तर काढतानाही जपून. बेस काढलंत की त्यावर अवलंबून असलेलं मेटापॅकेजही जातं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण पाठोपाठ, आता गरज उरली नाही अशी पॅकेजं काढणारी ‘ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा चालवण्याआधी रायटर आणि कॅल्क त्या यादीत नाहीत ना, ते बघा.

मागितल्यापेक्षा जास्त पॅकेजं येणार असतील, तर ॲप्ट त्यांची नावं आणि लागणारी जागा दाखवून तुमची परवानगी मागतो. तिथे मिनिटभर थांबा आणि यादी वाचा. शंका आली तर बेलाशक ‘एन’ दाबा. काहीही बिघडत नाही, आणि नीट विचार करून तीच आज्ञा पुन्हा केव्हाही देता येते.