वाकळ कुणी फाडली?

परवा सकाळी सोप्याचं दार उघडलं आणि पायाखाली चिंध्या आल्या. हिरव्या, जांभळ्या, मधेच एक पांढरा धोतराचा तुकडा. आईनं शिवलेली वाकळ होती ती. आत आजीची दोन लुगडी होती. आजी गेल्यावर त्यांचं काय करायचं हे कुणालाच सुचत नव्हतं, तेव्हा आईनं महिनाभर दुपारी बसून धावदोरा घातला होता. मीच अतिशहाणपणानं ती वाकळ पावसाळ्यासाठी कुत्र्याला दिली. "जुनी झालीय, त्याला ऊब मिळेल" वगैरे.

आणि खंड्या त्या चिंध्यांच्या मधोमध, कान पाडून, माझ्याकडे बघत.

मी मारलं त्याला. हातात खराटा होता, दोन-तीनदा मारला. तो सरपटत मागं गेला, पण फार जाता आलं नाही. साखळी अडीच हाताची होती.

आवाज ऐकून शेजारचे तात्या आले. चिंध्या बघून म्हणाले, "मस्ती आलीया तेला. दोन दिस उपाशी ठेव. आनि गोनपाट बी घालू नगंस खाली." आई म्हणाली, "तुझ्या आजीनं कधी कुत्र्याला अंथरूण घातलं होतं काय?" रात्री पुण्याहून भावाचा फोन. त्यानं न फाटणाऱ्या गाद्या विकणाऱ्या साईटचा पत्ताच दिला. तीन माणसं, तीन उपाय, आणि तिघांचंही एकमत की दोष कुत्र्याचा.

माझंही तेव्हा तेच मत होतं. आता नाही, आणि ते का नाही हे जरा भांडूनच सांगायचंय.

पहिली गोष्ट ती 'मस्ती'. मस्ती यायला अंगात आलेली रग जिरायला वाट नसावी लागते. खंड्याचा दिवस मी मोजून पाहिला. सकाळी पंधरा मिनिटं परड्यात, संध्याकाळी पंधरा मिनिटं रस्त्याच्या कडेनं, उरलेले साडेतेवीस तास सोप्यातल्या खांबाला. हा आमच्याकडचा कारवानी. अगदी अस्सल नसेल, पण उंच पाय, खोल छाती आणि आत ओढलेलं पोट बघून कुणीही ओळखेल. सशामागं पळण्यासाठी माणसानंच पिढ्यान् पिढ्या घडवलेलं हे जनावर. याच्याच मुधोळच्या भावंडांवर टपाल खात्यानं २००५ साली तिकीट काढलं. तिकिटावर कौतुक, आणि घरात अडीच हात साखळी! त्याच्या आवाक्यात काय होतं? एक खांब, एक पाण्याची परात आणि एक वाकळ. खांब फाटत नाही.

दुसरं, "त्याला कळतं, बघा कसा चोरासारखा बघतोय." हे वाक्य मीही म्हटलंय, तुम्हीही म्हटलं असेल. अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या बाईंनी न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात नेमकं हेच तपासलं, २००९ साली ते छापून आलं. मालकानं कुत्र्याला खाऊ खायची मनाई करायची आणि खोलीबाहेर जायचं. मागं कुत्र्यानं खाल्लं का नाही हे मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. निघालं काय? चोरटा चेहरा गुन्ह्यावर अवलंबून नव्हता, मालकाच्या रागावण्यावर होता. आणि ज्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं पण उगाच बोलणी खाल्ली, त्यांचे चेहरे जास्तच अपराधी. म्हणजे खंड्या त्या सकाळी माझ्याकडे बघत होता तो आजीच्या लुगड्याची माफी मागत नव्हता. माझ्या हातातल्या खराट्याकडे बघत होता. वाकळ त्यानं रात्री कधीतरी फाडलेली, मार मिळाला सकाळी. या दोन गोष्टी तो जोडणार कशा? त्यानं जोडलं असेल ते एवढंच की सकाळी दार उघडतं आणि ही बाई मारते.

आता आईचं म्हणणं. ते मात्र खोडायला अवघड, कारण ते खरं आहे. आजीनं कुत्र्याला अंथरूण कधीच घातलं नाही. पण आजीचं कुत्रं बांधलेलंही नसायचं. ते भाताच्या पिंजराच्या व्हळीत स्वतःच जागा करून झोपायचं. पुढच्या दोन पायांनी उकरायचं, पिंजर मागं उडवायचं, गोल-गोल फिरायचं आणि मग मुटकुळं करून बसायचं. लहानपणी आम्ही हे तासन् तास बघितलंय. रोज संध्याकाळी ते कुत्रं आपलं अंथरूण 'फाडत' होतं की! पण पिंजराला धावदोरा नसतो, त्यात कुणाची आठवण नसते, म्हणून त्याला कुणी नासधूस म्हटलं नाही. तेच उकरणं, तीच नखं, फक्त खाली पिंजराच्या जागी वाकळ आली आणि कुत्रं गुन्हेगार झालं. झोपायच्या आधी जमीन उकरणं ही त्याची जुनी सवय आहे, आपण शिवणकाम करायला लागलो त्याच्याही आधीची.

तात्यांच्या गोणपाट काढून घेण्यावर काय बोलायचं? राधानगरीचा जुलै, दाजीपूरकडून येणारा पाऊस आठ-आठ दिवस खळत नाही, शहाबादी फरशीला घाम फुटलेला असतो. कारवानीच्या अंगावर ना लोकर ना चरबी. उघड्या फरशीवर कोपर घासून त्याला घट्टे पडतात. कुत्र्याला धडा शिकवायचा तर निदान त्याला समजेल असा तरी असावा.

भावाच्या साईटवरची गादी मी घेणार नाही. हजारो रुपये घालून न फाटणारी गादी घ्यायची म्हणजे फाडायचं कारण तसंच ठेवून फक्त पुरावा बंद करायचा.

सगळीच अंथरुणं साखळीनं फाटतात असं मात्र नाही, हेही कबूल करते. चार-पाच महिन्यांचं पिल्लू दुधाचे दात पडताना मिळेल ते चावतं. गाभण कुत्री वेतापूर्वी उकरते. कधीकधी माजानंतर दोनेक महिन्यांनी, गाभण नसतानाही तिला तसंच होतं, आणि लोक तिला वेडी ठरवतात. पावसाळ्यात पिसवा नि गोचिडांनी अंग खाजतं, तेव्हाही अंथरुणावर राग निघतो. घरात माणूस नसलं की काहींचा जीव खरोखर कासावीस होतो. आणि चिंध्या गिळल्या तर प्रकरण आतड्यावर जातं. आमच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं, मागनं दोरा लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही, आत आतडं कापतं. सरळ दवाखान्यात आणायचं. म्हणजे आधी कारण शोधा, मग खराटा शोधा. कारण सापडलं की खराट्याची गरज बहुधा उरत नाही.

"मग काय मोकळं सोडू?" असं तात्या विचारतात. नाही. आजीचा काळ मीही परत आणू शकत नाही. दारावरून फोंडा घाटाकडे ट्रक जातात, कोंबड्या शेजारच्यांच्या आहेत, आणि मागं जंगल आहे. अकोल्याच्या, म्हणजे नगरकडच्या अकोल्याच्या, शेतांतून फिरणाऱ्या बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला त्यात सगळ्यात वरचं भक्ष्य गावातलं कुत्रंच निघालं. रात्री बाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट, त्याला पळायचीही सोय नाही. बांधा, पण लांब दोरीनं; रात्री आत घ्या; आणि दिवसातून दोनदा त्याला खरोखर दमवा. एवढंच.

मी सध्या हेच करते. पहाटे पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास, पाऊस असला तरी. रात्री खंड्या माजघरात. वाकळीच्या जागी जुन्या फळ्यांची उथळ पेटी, तिच्यात पिंजर. दमट झालं की बुरशी धरते म्हणून चार दिवसांनी बदलायचं. तो रोज ते उकरून माजघरभर करतो, आई रोज कुरकुरते, मी रोज झाडते. त्याच खराट्यानं. मी तो उचलला की खंड्या अजून कोपऱ्यात जातो.

तात्यांच्या परड्यातही एक कुत्रं आहे, सहा वर्षं एकाच पेरूच्या झाडाला. काल त्यांना सांगितलं, १९६० चा प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये कुत्र्याचं नाव घेऊन लिहिलंय, नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तो गुन्हा.

"दंड किती?" तात्यांनी विचारलं.

पहिल्या वेळेला दहा ते पन्नास रुपये, म्हटलं.

तात्या हसले, खिशातून पन्नासची नोट काढली आणि माझ्यापुढं धरली. "घे. आनि वरसभराची पावती फाड."