वाकडी मान

गेल्या आषाढातली गोष्ट. आमच्या कळमनुरीच्या कॉलेजात बी.ए.ला असलेली एक मुलगी रात्रभर ओकाऱ्यांनी बेजार झाली, म्हणून सकाळी तिला एका दवाखान्यात इंजेक्शन दिले. ओकाऱ्या थांबल्या, पण तिन्हीसांजेला तिची मान जी एका अंगाला वळली ती वळलीच. डोळे वर चढले, जबडा अडकला. मुलगी पुरती शुद्धीवर, सर्व ऐकते आहे, आणि बोलता येत नाही! शेजारणी म्हणाल्या, "बाहेरचं हाय." लिंबू उतरून झाले, देवऋष्याकडे निरोपही गेला. आईने मला बोलावले ते केवळ मी 'सर' म्हणून. एरवी वृत्ते आणि अलंकार शिकवणाऱ्याचा अशा वेळी उपयोग तो काय? मी एवढेच केले, रिक्षा आणली.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आज कुठलं औषध दिलं होतं?"

"ओकारीचं," आई म्हणाली. तेवढ्याने त्यांच्या कपाळावरची आठी उतरली. प्रोमेथाझिनची सुई दिली आणि अर्ध्या तासात मान सरळ!

प्रकार असा, की मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य निरोप्याचे काम करते. एका ठिकाणी ते ओकारीची घंटा वाजवते, दुसऱ्या ठिकाणी हालचालींना लय देते, आणि आणखी एका ठिकाणी त्याचा सुळसुळाट झाला तर माणसाला भास होतात, संशय पछाडतो. मेटोक्लोप्रमाइडसारखे औषध घंटेची कडी लावायला जाते आणि कधीकधी, विशेषतः तरुण वयात, हालचालींच्या दाराचीही लावून बसते.

या निरोप्याचा शोध लागायला आपल्याकडची एक मुळी कारणी लागली. सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ साली जगापुढे मांडला. तिच्यातले रेसर्पिन दिलेले ससे मलूल होऊन बसत. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली डोपामिन ज्यापासून बनते ते द्रव्य देऊन त्यांना पुन्हा हिंडते केले. पॅरिसमध्ये १९५२ पासून वेडाच्या रोग्यांना शांत करणारे क्लोरप्रोमाझिन ही दारेच बंद करते, हे उमगायला आणखी काही वर्षे गेली. कार्लसनना नोबेल मिळाले ते २००० साली.

त्या रात्री डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली, ती मला मानेपेक्षा महत्त्वाची वाटली. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांनी कुणाचे हात कापतात, चाल ताठरते, कुणा बाईची पाळी चुकते, अंगावर दूध येते. घरची माणसे घाबरून गोळ्या परस्पर बंद करतात. आणि काही आठवड्यांनी तोच मुलगा पुन्हा भिंतीशी बोलू लागतो. वास्तविक मात्रा उतरवता येते, गोळी बदलता येते. वर्षानुवर्षांच्या औषधाने तोंड सारखे चघळल्यासारखे हलू लागले, तर मात्र ते कधीकधी जात नाही. म्हणून ते पहिल्याच दिवशी सांगायला हवे. पण डॉक्टरांना विचारायचे कुणी? 'वेड्याचे औषध' म्हटले की घरात आवाजच खाली येतात.

मुलीला न चालणाऱ्या औषधाचे नाव डॉक्टरांनी ठळक अक्षरांत लिहून दिले. ती चिठ्ठी तिने ओळखपत्रामागे ठेवली आहे. देवऋषी दुसऱ्या दिवशी आला. चहा घेऊन गेला.