रक्त मोजा, अंदाज नको

"अंगावरून थोडं जास्त जातंय, पण होईल बंद."

बाळंतपणाच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसलेल्या किती जणांनी हे वाक्य ऐकलं असेल! माझ्या मामेबहिणीच्या दुसऱ्या बाळंतपणात आम्हीही ऐकलं. बाळ रडलं, पेढे आणायला माणूस पळाला, मामी देवाला हात जोडत होती. अर्ध्या तासाने सिस्टर बाहेर येऊन हे वाक्य बोलून गेल्या. अजून तासाभराने तिचे हातपाय गार पडले, ती असंबद्ध बोलायला लागली, आणि मग धावपळ सुरू झाली. १०८ बोलवा, जिल्ह्याच्या ठिकाणी न्या, रक्त आणा, डोनर शोधा. पेढ्यांचा पुडा बाकड्यावर तसाच राहिला.

ती वाचली. म्हणूनच हे शांतपणे लिहू शकतोय. त्या सिस्टरवर किंवा डॉक्टरवर खापर फोडायचं नाही, त्यांनी जीव तोडून धावपळ केली. पण एक प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. नेमकं किती रक्त गेलं, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. काही चादरीत गेलं, काही कापसात, काही बादलीत पाण्याबरोबर. जे झालं तो फक्त अंदाज होता.

आज लिहायचं आहे ते या अंदाजाबद्दल. आणि ज्या बायांनी स्वतःच्या बाळंतपणात संशोधनाला हो म्हणून जगाला उत्तर शोधून दिलं, त्यांच्याबद्दल.

आधी साधी गोष्ट. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे मिनिटाला साधारण अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त वाहत असतं. बाळ झालं, वार पडली की पिशवी घट्ट आवळली जाते आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. निसर्गाची सोय ही अशी आहे. पण पिशवी सैल राहिली तर नळ उघडा राहिल्यासारखं होतं. ५०० मिलीपेक्षा जास्त रक्त गेलं की त्याला प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव म्हणतात. जगभरात बाळंतपणात बायका दगावण्याचं हे एक सगळ्यात मोठं कारण आहे.

आता यात आपल्याकडची परिस्थिती मिळवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे निम्म्याहून जास्त! जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिला अर्धा लिटर जाणं किती महागात पडेल, याला डॉक्टर असायची गरज नाही.

आता बेळगावकडे येऊ.

२००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांत एक अभ्यास झाला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉक्टर आणि अमेरिकेतले संशोधक यांनी मिळून केलेला. १६२० बायका, आणि बाळंतपणं करणाऱ्या २५ एएनएम सिस्टर. मोठं हॉस्पिटल नाही, ऑपरेशन थिएटर नाही. घरी किंवा उपकेंद्रात होणारी बाळंतपणं. निम्म्या बायकांना बाळ झाल्यावर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कुणाला कोणती दिली, हे सिस्टरलाही माहीत नव्हतं.

निकाल २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. एक लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आलं. दर १८ बायकांना गोळ्या दिल्या की एकीचा अतिरक्तस्राव टळत होता. त्रास काय, तर थोडी थंडी वाजणं आणि ताप. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध याच कामासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. त्यामागे जे पुरावे होते, त्यात आपल्या शेजारच्या गावातल्या, मराठी-कानडी बोलणाऱ्या या बायकांचा वाटा मोठा होता.

पण माझ्या दृष्टीने या अभ्यासातली दुसरी गोष्टही तितकीच मोठी आहे. रक्त कमी झालं हे कळायला आधी ते मोजावं लागतं. त्यासाठी बाईच्या कमरेखाली अंथरायची एक प्लॅस्टिकची चादर वापरली. तिच्या खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि त्या पिशवीवर मिलीच्या खुणा. रक्त आपोआप पिशवीत उतरतं आणि आकडा डोळ्यांसमोर दिसतो. बस, एवढंच. बेळगावलाच या पिशवीचा आकडा आणि डोळ्यांनी केलेला अंदाज यांची तुलना झाली, तेव्हा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. म्हणजे सिस्टर ४०० म्हणते तेव्हा खरे ६०० गेलेले असू शकतात. यात तिचा दोष नाही. कापडात मुरलेलं रक्त कुणाच्याच डोळ्यांना मोजता येत नाही.

मोजलं नाही तर दिसत नाही, हा धडा आपल्याकडे त्याआधीही मिळालेला आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, त्याचा निबंध १९८९ मध्ये याच 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा एखादा तरी आजार निघाला. त्याआधी त्यासाठी तपासणी झाली होती फक्त ८ टक्क्यांची. आजार गावात होताच, पण कागदावर नव्हता. कारण कुणी विचारलंच नव्हतं.

आता अलीकडचं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत, दोन लाख दहा हजारांहून जास्त बाळंतपणांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. नाव 'ई-मोटिव्ह'. नवं औषध एकही नाही. खुणांची पिशवी सगळ्यांना लावायची, आणि रक्तस्राव जास्त दिसला की एकामागून एक वाट न बघता सगळे उपाय एकदम करायचे: पिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, सलाईन, तपासणी आणि गरज पडली तर वरच्या डॉक्टरला हाक. जिथे नेहमीचीच पद्धत होती तिथे अतिरक्तस्राव झालेल्या बायकांपैकी जेमतेम निम्म्या वेळेत ओळखल्या गेल्या. जिथे ही पद्धत आणली तिथे ९३ टक्के. लिटरहून जास्त रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यातून मृत्यू होणं, हे सगळं मिळून प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. (कुणी "मृत्यू ६० टक्क्यांनी घटले" असं सांगितलं तर ते चूक आहे. घट या तिन्हींची मिळून आहे. तरी ती छोटी नाही.)

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत सुचवली. २०२५ मध्ये तर ५०० मिलीची वाटही बघू नका असं सांगितलं: ३०० मिली गेलं आणि नाडी किंवा बीपी बिघडलं की उपचार सुरू करा. पण ३०० मिली ओळखायला मोजावं तर लागेल ना? अंदाजाने ३०० आणि ५०० मधला फरक कोण सांगणार?

वेळेचं महत्त्व दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवलं. २१ देशांतल्या २०,०६० बायका, निकाल २०१७. अतिरक्तस्राव सुरू झाल्यावर तीन तासांच्या आत ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आले. उशिरा दिलं तर फायदा दिसला नाही. म्हणजे "होईल बंद" म्हणत घालवलेला तास हाच सगळ्यात महागडा तास.

इथे दोन आक्षेप नेहमी येतात.

पहिला: "आपल्या बायकांवर प्रयोग करतात, गिनिपिग करतात." हा राग पोकळ नाही. बेळगावच्या अभ्यासात निम्म्या बायकांना बिनऔषधाच्या गोळ्या मिळाल्या, हे पचायला जड आहेच. म्हणून तर संमती घेताना तिच्या भाषेत, तिला समजेल असं सांगितलं पाहिजे. सासू-नवऱ्याची मान डोलली म्हणजे संमती नव्हे. आज देशात अशा अभ्यासाची नोंदणी सक्तीची आहे, नैतिक समितीची मंजुरी लागते, इजा झाली तर भरपाईचे नियम आहेत. ते पाळले जातात का, हे विचारत राहिलंच पाहिजे. पण मला विचाराल तर खरा अन्याय पुढे होतो. बाईने धोका पत्करला, उत्तर मिळालं, ते इंग्रजी मासिकात छापलं, परदेशातल्या परिषदेत टाळ्या मिळाल्या, आणि तिच्या सुनेच्या बाळंतपणाला पुन्हा तीच चादर, तीच बादली, तोच अंदाज! असं होत असेल तर मात्र गिनिपिग हा शब्द खरा ठरतो.

दुसरा आक्षेप: "महाराष्ट्राचे आकडे चांगले आहेत." खरं आहे. २०१८-२० च्या नोंदणीनुसार देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. याचं श्रेय आशाताईंपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना आहे. पण केरळात तो आकडा १९ होता. आणि राज्याच्या सरासरीत मेळघाट, नंदुरबार, गडचिरोली दिसत नाहीत. शिवाय जी मरता मरता वाचते, ती या आकड्यात कुठेच येत नाही. माझी बहीण आली नाही.

मग करायचं काय? मोठ्या घोषणा नकोत. चार प्रश्न विचारू या. आपापल्या पीएचसीत, ग्रामीण रुग्णालयात, रुग्ण कल्याण समितीत, ग्रामसभेत.

१. बाळंतपणानंतर रक्त मोजायची पिशवी आहे का? प्रत्येक बाईला लावतात का, की कपाटात ठेवलेली आहे?

२. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत राहतं का? लाईट गेल्यावर काय करतात? गरम झालेलं इंजेक्शन टोचलं तरी त्याचा जोर कमी झालेला असतो.

३. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड लेबर रूमच्या ट्रेमध्ये आहे का, की नातेवाइकाला चिठ्ठी घेऊन मेडिकलला पळावं लागतं?

४. बाळ झाल्यावर पहिले एक-दोन तास नाडी, बीपी आणि रक्तस्राव कोण बघतं? रात्रपाळीला एकच सिस्टर तीन बायकांना बघत असेल तर पिशवी लावूनही तो आकडा वाचायला माणूस नसेल.

यातला चौथा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण तिथे पदं भरावी लागतात. पहिल्या तीन गोष्टींना मात्र नवी इमारत लागत नाही, भूमिपूजन लागत नाही. कदाचित म्हणूनच त्या मागे पडतात. अबंधित निधीतून काय काय घेतलं जातं ते जरा बघा, आणि त्यात या पिशव्या बसतात का ते समितीत विचारा.

आणि हो, हे प्रश्न सिस्टरच्या अंगावर धावून जाऊन विचारायचे नाहीत. तिलाही हेच हवंय. तिच्या हातात अंदाजाऐवजी आकडा द्या, ती वरच्या डॉक्टरला फोनवर ठामपणे सांगेल, "सर, साडेतीनशे झालेत, या."

तुमच्या तालुक्यात काय परिस्थिती आहे ते खाली लिहा. चांगलं असेल तर तेही लिहा, दुसऱ्यांना दाखवता येईल. फक्त कुणा पेशंटचं नाव-गाव लिहू नका.

बेळगावच्या त्या १६२० बायकांची नावं आपल्याला माहीत नाहीत, असायचं कारणही नाही. पण त्यांनी दिलेलं उत्तर आपल्या लेकीसुनांच्या बाळंतपणात वापरलं जाईल एवढं तर बघू या.