चाकू स्वस्त चालेल, बिनपाण्याचा नको



आज फवारणीचा सल्ला नाही. आज खिशातल्या घडीच्या चाकूबद्दल बोलायचं आहे. गोणीची सुतळी, ठिबकची नळी, पपईचं देठ, आंब्याचं कलम, सगळीकडे तोच लागतो. पण घेताना आपण बघतो फक्त चमक आणि भाव.

माझं मत सरळ आहे. स्वस्त चाकू बिनधास्त घ्या, पण ज्याच्या पात्याला नीट पाणी दिलेलं नाही तो फुकट मिळाला तरी नको.

पाणी देणं म्हणजे काय, ते लोहारदादाला विचारा. पातं लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कडक होतं. मग थोडी ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा काढतात. पहिलं काम चुकलं तर धार दुपारपर्यंतही टिकत नाही. दुसरं चुकलं तर पात्याचे तुकडे उडतात. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद असं पाणी चांगलं धरतं, म्हणून आपले लोहार ते वापरतात.

स्वस्त म्हणजे टाकाऊ नव्हे, याचे दाखले बाहेरही आहेत. फ्रान्सच्या सावोय भागातला ओपिनेल चाकू 1890 पासून निघतो. लाकडी मूठ, एक पातं, शेतकऱ्याच्या खिशाला परवडणारा. जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी तर वाकवलेल्या पत्र्याच्या मुठीचा. शाळेतली पोरं त्याने पेन्सिली तासायची. दोन्हींमध्ये भाग कमी, सजावट नाही. काटकसर मुठीत केली, पात्यात नाही. आपण पैसे देतानाही हेच बघायचं.

खांडबाऱ्याच्या बाजारात चाकू घेताना चार गोष्टी करा.

1. चुंबक लावा. चिकटलंच नाही तर ते भांड्याचं स्टील आहे, त्याला पाणी देता येत नाही. चिकटलं म्हणून चाकू चांगलाच असंही नाही, पुढची परीक्षा घ्या.

2. दुकानदाराला विचारून, धारेजवळ कानस हलकेच फिरवा. घसरली तर पातं कडक आहे. सहज खात गेली तर पातं मऊ.

3. चाकू उघडून पातं डावी-उजवीकडे हलवा. खिळ्यात खडखड नको. थोडी ढिलाई असेल तर लोहार खिळा ठोकून देतो, पण भोकच मोठं झालेलं असेल तर सोडून द्या.

4. मिटवून बघा. टोक मुठीच्या आत पूर्ण लपलं पाहिजे, नाहीतर खिसा आणि बोट दोन्ही फाटतील.

आता काम बघून चाकू. कलमाला साध्या पोलादाचं पातं मला जास्त आवडतं, कारण साणेवर लवकर धारदार होतं. आंब्याच्या काडीवर 4 ते 5 सें.मी.चा तिरपा काप एका ओढीत गुळगुळीत आला पाहिजे. बोथट पातं सालीखालचा हिरवा थर चेचतं, मग खुंट आणि काडी जुळत नाहीत. काडी वाळली की आपण रोपवाटिकेला, हवेला, नशिबाला बोल लावतो. चाकूकडे कोणी बघत नाही.

आमचूरचं उलटं आहे. साध्या लोखंडी पात्याने कैरी कापली की आंबट रसाने फोड काळी पडते, आणि काळ्या आमचूरला भाव पडतो. तिथे पाणी दिलेलं स्टेनलेस पातंच घ्या. म्हणजे घरात दोन चाकू लागतील. माझ्या हिशेबाने तो खर्च जास्त नाही.

सांभाळायचं कसं? चीक लगेच पुसा, रात्री खोबरेलाचा एक थेंब पात्याला आणि एक खिळ्याला. आपल्याकडच्या पावसात लाकडी मूठ फुगते आणि पातं अडकतं, तेव्हा ओढाताण करू नका, आधी वाळू द्या. पपईचा रिंगस्पॉट मुख्यतः माव्यामुळे पसरतो, पण रोगट झाडाचा रस चाकूवरून दुसऱ्या झाडात जाऊ शकतो. म्हणून रोगट झाड कापल्यावर पातं स्पिरिटने पुसा. ब्लीचिंगच्या पाण्याने साधं पातं गंजतं.

मशीनच्या चाकावर धार लावताना डोळा ठेवा. पातं निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं. मग ते पुन्हा पाजल्याशिवाय धार टिकत नाही. हाताने साणेवर लावा, वेळ लागला तरी.

आणि एक, घडीच्या बहुतेक चाकूंना उघडल्यावर अडकवायची कडी नसते. टोक खुपसून जोर लावू नका, पातं बोटांवर मिटतं. कापताना ओढून कापा.

खत आणि बियाणं आपण एकत्र घेतो. त्या यादीत चाकूही यावा असं मला वाटतं. तोही लांबून आणलेला चकचकीत नको. जवळच्या लोहाराकडून आधी एक नमुना घ्यावा, दहा दिवस शेतात वापरावा, मग मागणी द्यावी. नीट पाणी दिलं तर 20-30 रुपये जास्त द्यायलाही हरकत नाही. पैसा गावात राहील, आणि पाणी उतरलं तर पातं घेऊन कुणाकडे जायचं ते तरी माहीत असेल.

तुम्हाला काय वाटतं, कळवा. कलमाला बसण्याआधी आपला चाकू एकदा कागदावर चालवून बघा. कागद फाटला तर आधी साण काढा, काडी नंतर.

तुमचा कृषी सल्लागार,
खांडबारा