जुन्या बाईकची 'कॅफे रेसर' करताय? ग्राइंडर हातात घेण्याआधी आरसी बुक उघडा

रीलची सुरुवात ठरलेली असते. पार्किंगच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली वडिलांची जुनी मोटरसायकल. मग ग्राइंडरच्या ठिणग्या, काढून टाकलेलं मडगार्ड, चपटी सीट, खाली बसवलेलं हँडल. तिसाव्या सेकंदाला चकाचक 'कॅफे रेसर' गल्लीतून बाहेर पडते आणि खाली कमेंट येते, "भावा, खर्च किती आला?"

खर्चाचा प्रश्न सगळेच विचारतात. ही गाडी आता रस्त्यावर चालवता येते का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

थोडक्यात उत्तर असं: जुनी गाडी दुरुस्त करून मूळ रूपात आणली, तर हो. फ्रेम कापून, इंजिन बदलून तिला नवा आकार दिला, तर बहुतेक वेळा नाही. यामागचं कारण समजून घेऊया.

कायदा नेमका काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ वाहनातल्या बदलांविषयी आहे. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीने मुळात ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा कोणताही बदल मालकाने करू नये, असं हे कलम सांगतं.

आता आरसीवर काय काय लिहिलेलं असतं ते आठवा. चेसिस नंबर, इंजिन नंबर, सीसी, इंधन, आसनक्षमता, वजन, व्हीलबेस, रंग. मागची सीट उडवून एकट्याची गाडी केली की आसनक्षमता बदलली. चॉपरसारखा पुढचा फोर्क लांबवला की व्हीलबेस बदलला. आरएक्स १०० मध्ये आरएक्स १३५ चं इंजिन बसवलं की इंजिन नंबर आणि सीसी, दोन्ही बदलले.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. केरळ उच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांचा आधार घेऊन काही बदलांना वाट मोकळी करून दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. कंपनी गाडीचा नमुना चाचणी संस्थेकडून तपासून घेते आणि त्यानंतरच ते मॉडेल बाजारात येतं. त्या तपासलेल्या गाडीपेक्षा वेगळी गाडी मालकाने घरी तयार केली, तर चाचणीला अर्थच उरत नाही, असा या निकालामागचा तर्क आहे.

मग काहीच करता येत नाही का?

येतं. कंपनीच्या तपशिलाशी जुळणारे भाग घालून केलेली दुरुस्ती हा 'बदल' ठरत नाही. इंजिनाचं काम, नवे ब्रेक शू, नवी केबल, नवं वायरिंग, सीटचं कव्हर, मूळ मापाचे टायर हे सगळं चालतं. रंग बदलता येतो, पण तो आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो. इंजिन कामातून गेलं असेल तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओची परवानगी घेऊन बसवता येतं आणि नवा नंबर आरसीवर चढवता येतो. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत करायच्या बदलांनाही कायद्यात वेगळी जागा आहे.

जुनी बाईक इलेक्ट्रिक करायची असेल, तर तोही मार्ग आहे. त्यासाठी पुण्यातल्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने मान्यता दिलेलं किट हवं आणि आरसीवर इंधनाचा प्रकार बदलून घ्यायला हवा. ऑनलाइन सुटे भाग मागवून घरी जोडलेली बॅटरी आणि मोटर यात बसत नाही.

रीलमध्ये सर्रास दिसणाऱ्या तीन गोष्टी अडचणीच्या आहेत.

पहिली, सायलेन्सर. निर्मितीच्या टप्प्यावर दुचाकीच्या आवाजाची मर्यादा ठरलेली आहे. ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि त्यापुढे ८०. पोलिसांनी रोड रोलरखाली चिरडलेल्या 'फटाका' सायलेन्सरचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

दुसरी, साडीगार्ड. 'लूक'साठी सगळ्यात आधी तेच निघतं. पण मागे बसणाऱ्यासाठी पकडायची जागा, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ मध्ये आहेत. ओढणी किंवा पदर चाकात अडकून होणारे अपघात टाळण्यासाठीच हा नियम आहे.

तिसरी, नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदवलेल्या गाड्यांनाही महाराष्ट्रात आता एचएसआरपी बंधनकारक आहे. सीटखाली लपवलेली छोटी तिरकी पाटी चालत नाही.

दंड किती?

२०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातलं कलम १८२अ बदललं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. यातले 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द महत्त्वाचे. चार बदल धरले तर हिशेब २०,००० रुपयांवर जातो. आवाज आणि धुराच्या नियमांचा भंग झाला, तर त्यासाठी कलम १९०(२) वेगळं आहे.

जुन्या गाडीची खरी अडचण दर पाच वर्षांनी

पोलिसांच्या हाती लागलो नाही की झालं, असं अनेकांना वाटतं. नव्या गाडीच्या बाबतीत काही वर्षं ते खपूनही जातं. जुन्या गाडीचं तसं नाही.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. मोटार वाहन निरीक्षक आरसी आणि गाडी समोरासमोर ठेवून पाहतो. एक सीट, कापलेली फ्रेम, दुसरंच इंजिन असलेली गाडी तिथेच अडकते. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीचं नूतनीकरण शुल्क ३०० वरून १,००० रुपये झालं. २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या दुचाकींसाठी ते २,००० रुपये करण्यात आलं. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो.

म्हणून गाडी विकत घेऊन काम करणार असाल, तर 'कागद नाहीत, पण इंजिन मक्खन आहे' या वाक्याला भुलू नका. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतात का, हे स्वतः पाहा. गाडीवर कर्जाचा बोजा किंवा चलान बाकी आहे का, हे परिवहन पोर्टलवर तपासा. गाडी आधी नावावर करून घ्या, मगच पाना लावा. नोंदणी रद्द होऊन भंगारात गेलेली गाडी कितीही सुंदर केली तरी ती रस्त्याची होत नाही.

'व्हिंटेज' म्हणून सुटका होते का?

नाही. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. नोंदणीचे २०,००० रुपये लागतात आणि रॅली, प्रदर्शन अशा ठरावीक कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. फ्रेम कापली की हा दरवाजाही बंद होतो.

घरच्या घरी कुठे चुकतं?

कायदा घटकाभर बाजूला ठेवू. रीलमध्ये न दिसणाऱ्या काही गोष्टी जिवाशी येतात.

कॅफे रेसरसाठी मागची फ्रेम कापून गोल नळी वेल्ड केली जाते. जुन्या बाईकवर मागच्या शॉकअपची वरची पकड त्याच भागात असते. वेल्डिंग आतपर्यंत मुरलं नाही, तर दोन माणसांच्या वजनासह पहिल्या मोठ्या खड्ड्यात ते तडकू शकतं. सीट खाली आणली आणि मडगार्ड काढलं, तर दाबल्या गेलेल्या शॉकअपमुळे टायर थेट सीटच्या पत्र्यावर घासतो.

हँडल खाली घेतलं की क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या केबल वेड्यावाकड्या वळतात. हँडल पूर्ण वळवल्यावर केबल ताणली गेली, तर गाडीचा वेग आपोआप वाढतो. फिल्टरची पेटी काढून उघडा फिल्टर लावला आणि कार्बोरेटरचा जेट तोच ठेवला, तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतं. इंजिन तापतं, टू-स्ट्रोक असेल तर पिस्टन जाम होऊन चालत्या गाडीचं चाक अडकू शकतं.

सगळ्यात मोठा धोका टाकीचा. रिकामी दिसणारी टाकी रिकामी नसते, आत पेट्रोलची वाफ असते. तिला वेल्डिंगची ठिणगी लागली की स्फोट होतो. टाकीचं काम घरी करूच नका. फ्रेमला वेल्डिंग करतानाही टाकी काढून लांब ठेवा आणि बॅटरी सोडवा.

शेवटी विमा. कंपनीला न कळवता केलेल्या बदलांमुळे अपघातानंतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

कायद्यात जागा होऊ शकते का?

ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या किंवा मुळापासून बदललेल्या मोटरसायकलची स्वतंत्र तपासणी होते आणि ती पास झाली की गाडी रस्त्यावर येते. जर्मनीत मान्यताप्राप्त तज्ज्ञ बदल तपासतो आणि तो गाडीच्या कागदपत्रांत नोंदवला जातो. तिथेही हवं ते करायची मोकळीक नाही, पण 'तपासा आणि ठरवा' असा मार्ग आहे.

आपल्याकडची चाचणी व्यवस्था कंपन्यांसाठी उभी आहे. एक गाडी घेऊन जाणाऱ्या माणसाला परवडेल असा मार्ग तिच्यात नाही. त्यामुळे काळजीपूर्वक फ्रेम मजबूत करणारा फॅब्रिकेटर आणि रात्री दोन वाजता फटाके फोडणारा पोरगा, दोघे कायद्याच्या नजरेत एकाच रांगेत उभे राहतात. कोणते बदल कोणत्या अटींवर चालतील, हे ठरवण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला दिला आहे. इलेक्ट्रिक किटसाठी जसे निकष आणि तपासणी आहे, तसं सीट, हँडल, सबफ्रेमसाठीही करता येईल. कारागिरांनी आणि हौशी मंडळींनी मागणी करायची असेल, तर ती इथे करायला हवी.

तोपर्यंत काय करायचं?

घरच्या जुन्या गाडीत जीव अडकला असेल, तर तिला मूळ रूपात परत आणणं हा सगळ्यात सुरक्षित मार्ग. त्यातही हात काळे होतात आणि कसब लागतं. वर गाडी मुलाबाळांच्या नावावरही करता येते. थोडा वेगळा लूक हवा असेल, तर रंग, सीट कव्हर अशा परत काढता येणाऱ्या गोष्टींवर थांबा आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा.

आणि कॅफे रेसरच करायची असेल, तर ती खासगी जागेपुरती आणि प्रदर्शनापुरती राहील, हे पैसे घालण्याआधी स्वतःला सांगा. एकदा कापलेली फ्रेम परत जोडली, तरी ती पूर्वीसारखी होत नाही.