टी-शर्टवरची ‘पाण्याची शाई’ पक्की होते कशाने?

दहीहंडी, गणेशोत्सव जवळ आले की मंडळांच्या टी-शर्टच्या ऑर्डरी सुरू होतात. हल्ली कार्यकर्ते आवर्जून सांगतात, ‘प्लास्टिकचा छाप नको, पाण्याची शाई वापरा.’ मागणी रास्त आहे. पण तेच कार्यकर्ते माल दोन दिवसांत मागतात. मग तिसऱ्या धुण्याला मंडळाचे नाव पुसट होते आणि दोष शाईच्या माथी येतो.

खरे तर ‘पिगमेंट’ आणि ‘रबर प्रिंट’ या नावांनी पाण्याची शाई आपल्या छोट्या कारखान्यांत जुनीच आहे. तेव्हा शाई कोणती, एवढेच विचारून भागत नाही. ती तापवली किती, हे विचारायला हवे.

प्लास्टिसोल म्हणजे पीव्हीसीचे कण आणि त्यांना मऊ ठेवणारे प्लास्टिसायझर. ही शाई हवेत वाळत नाही, रात्रभर स्क्रीनवर राहिली तरी बिघडत नाही आणि सुमारे 160 अंश सेल्सिअसला पोहोचली की घट्ट होते. छापणाऱ्याची सोय, पण घालणाऱ्याच्या छातीवर हवा न जाणारा थर. त्यावर थेट इस्त्री फिरली तर तो वितळतो.

पाण्याच्या शाईत रंगकण, बाइंडर आणि पाणी असते. ती धाग्यात मुरते, हाताला फारशी जाणवत नाही. मात्र रंगकणांना कापडाशी धरून ठेवतो तो बाइंडर, आणि तो पक्का व्हायला साधारण 150 अंशांवर तीन ते पाच मिनिटे लागतात. छापातले पाणी उडेपर्यंत तापमान शंभरच्या फारसे वर चढतच नाही. त्यामुळे हीट गन फिरवली किंवा प्रेस दहा सेकंद दाबला की छाप कोरडा होतो, पक्का होत नाही. श्रावण-भाद्रपदातल्या दमट हवेत तर वाळायलाच जास्त वेळ जातो. भट्टी नसेल तर शाईत फिक्सर घालतात. पण मग छापलेले कपडे काही दिवस न धुता ठेवावे लागतात. दोन दिवसांच्या ऑर्डरीत ते कसे बसणार?

कारागिराची कसरत वेगळीच. ही शाई जाळीतच वाळते, म्हणून भर उकाड्यात डोक्यावरचा पंखा बंद ठेवून छापणारे कारागीर असतात. स्क्रीनचे इमल्शनही पाण्याला टिकणारे लागते. नाहीतर शंभरेक शर्टांनंतर अक्षरांच्या कडा विरघळू लागतात.

रंगाची निवडही महत्त्वाची. काळ्या शर्टावर साधी पाण्याची शाई दिसत नाही. खाली पांढऱ्याचा जाड थर द्यावा लागतो आणि मऊपणा तिथेच संपतो. लाल पॉलिस्टरवर पांढरा छाप तापवला की कापडाचा रंग वर येऊन तो गुलाबी होऊ शकतो. मऊ छाप हवा असेल तर फिकट रंगाचा सुती शर्ट घ्यावा, असे माझे मत आहे. फोटोत काळा उठून दिसतो, हे मान्य.

आणि ‘पाण्याची’ म्हणजे निरुपद्रवी, हा समज सोडावा. पिगमेंटची खळ पूर्वी केरोसीन घोटून दाट करत. आजही डब्याला रॉकेलचा वास आला तर विचारा. स्क्रीन धुतल्यावर रंग आणि बाइंडर गटारात जातात. आपले अनेक सुती टी-शर्ट येतात त्या तिरुप्पूरमध्ये 2011 साली मद्रास उच्च न्यायालयाने रंगाई कारखाने बंद करायला लावले, कारण त्यांच्या सांडपाण्याने नोय्यल नदी नासली होती. तिथेही रंग पाण्यातच कालवले जात होते. छपाईचा कारखाना लहान असला, तरी धुण्याचे पाणी टाकीत साठवून गाळ वेगळा काढणाऱ्यालाच काम द्यावे.

मंडळांनी ऑर्डर निदान पंधरा दिवस आधी द्यावी. आधी एकच शर्ट छापून घ्यावा, साबणाने पाच वेळा धुवावा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावा. फडक्याला रंग लागला तर उरलेली छपाई थांबवावी आणि भट्टीचा वेळ वाढवायला सांगावे.