'निरुपद्रवी' गाणं कुणाचं?

२००३ साली अमेरिकेत 'अ मायटी विंड' नावाचा एक विनोदी चित्रपट आला. दिग्दर्शक ख्रिस्तोफर गेस्ट. दिसायला माहितीपट, पण सगळाच बनाव. इंग्रजीत याला मॉक्युमेंटरी म्हणतात. गेस्ट आणि युजीन लेव्ही यांनी गोष्टीचा फक्त आराखडा लिहिला, संवाद नटांनी कॅमेऱ्यासमोर जागच्या जागी रचले. (आपल्या तमाशातला सोंगाड्या हेच पिढ्यान् पिढ्या करत आला, पण त्याला कुणी 'इम्प्रोव्हायझेशन' म्हटलं नाही.) फोक संगीताचा एक जुना निर्माता वारतो, त्याच्या स्मरणार्थ न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये साठच्या दशकातले तीन गट गायला येतात. एवढीच गोष्ट.

या चित्रपटाचे चाहते अजूनही तेच सांगतात: किती गोड, किती मायाळू, कुणालाही न दुखावणारा. मिच आणि मिकी ही दुरावलेली जोडी गाण्याच्या शेवटी पूर्वीसारखं चुंबन घेणार की नाही, यावर ते श्वास रोखून बसतात. त्या गाण्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, शीर्षकगीताला ग्रॅमी. आम्हीही चित्रपट पाहिला, हसलो, आणि खोटं कशाला बोला, त्या चुंबनाच्या वेळी आम्हीही गप्प झालो. तेव्हा आमचं भांडण चित्रपटाशी नाही. भांडण आहे त्या 'कुणालाही न दुखावणारा' या कौतुकाशी. कारण हे कौतुक चित्रपटावरून घसरून लोकसंगीतावरच जाऊन बसतं. गिटार, स्वेटर, हसरे चेहरे म्हणजे फोक, बिचारी साधी भोळी माणसं, असं चाहते मानून चालतात.

हा चित्रपट टिंगल कुणाची करतो ते आधी पाहा. त्यातला 'न्यू मेन स्ट्रीट सिंगर्स' हा नऊ जणांचा गुळगुळीत गट उघडच 'न्यू क्रिस्टी मिन्स्ट्रेल्स'वर बेतलेला आहे. हा खरा गट १९६१ साली निघाला आणि त्यानं नाव उचललं ते एकोणिसाव्या शतकातल्या क्रिस्टीज मिन्स्ट्रेल्सचं. कोण होते हे? तोंडाला काळं फासून, गुलामीत पिचणाऱ्या काळ्या माणसांची नक्कल करून गोऱ्यांना हसवणारे गोरे! मार्टिन ल्यूथर किंग तुरुंगाच्या वाऱ्या करत होते त्या वर्षांत हे नाव लावून एक गट टीव्हीवर 'लोकगीतं' म्हणत होता आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. गेस्टचा चित्रपट या विकाऊ, धुऊनपुसून ठेवलेल्या फोकची खिल्ली उडवतो, ते बरोबरच आहे. पण टाउन हॉलच्या त्या मंचावर गाणारे तिन्ही गट जवळजवळ गोरेच आहेत, आणि ज्यांच्याकडून हे संगीत आलं ते कुठे गेले, हा प्रश्न चाहत्यांना पडत नाही.

लेडबेली हा काळा गायक डिसेंबर १९४९ मध्ये वारला. त्याच्याकडून आलेलं 'गुडनाइट, आयरीन' पुढच्याच वर्षी 'द वीव्हर्स' या गोऱ्या गटानं गायलं आणि ते देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. ते पाहायला लेडबेली नव्हता. एलिझाबेथ कॉटन तर सीगर घराण्यात घरकामाला होत्या. भिंतीवरची गिटार त्यांनी सहज उचलली तेव्हा मालकांना कळलं की आपली मोलकरीण काय दर्जाची कलावंत आहे. लहानपणी रचलेलं त्यांचं 'फ्रेट ट्रेन' इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या नावावर गाजलं. त्यांना ग्रॅमी मिळाला तो १९८५ साली, नव्वदीच्या घरात. मित्रांनो, ही गोष्ट ऐकताना आपली कुठलीतरी आजी आठवली नाही, असा आपल्यात कोण आहे?

आणि निरुपद्रवी? 'वुई शॅल ओव्हरकम' चळवळीत आलं ते १९४५-४६ साली चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यातल्या संपावरून, काळ्या कामगार बायकांच्या तोंडून. वीव्हर्सचा पीट सीगर गोरा होता, पण त्यालाही १९५५ साली संसदीय समितीपुढे उभं केलं गेलं, १९६१ मध्ये शिक्षा झाली, ती पुढच्या वर्षी रद्द झाली. त्याच्या गटाला तर काळ्या यादीत टाकून कामच बंद केलं होतं. पॉल रोबसनचा पासपोर्ट आठ वर्षं जप्त होता. सरकार ज्या गाण्याला घाबरतं त्याला चाहते 'गोड' म्हणतात!

चाहत्यांचा आणखी एक किस्सा सांगण्यासारखा आहे. यातल्या 'फोक्समेन' गटाचे तिघे नट म्हणजे 'धिस इज स्पायनल टॅप' या १९८४ च्या चित्रपटातले तेच तीन रॉकस्टार. स्पायनल टॅपच्या खऱ्या जलशांत हेच तिघे आधी फोक्समेन बनून यायचे. प्रेक्षकांतल्या अनेकांना ते ओळखूच आले नाहीत, त्यांनी हुर्यो केली. थोड्या वेळानं तेच तिघे केसांचे टोप घालून आले की टाळ्या. माणूस तोच, फक्त लोकगायकाचा वेष चढवला की त्याची किंमत उतरते.

आता कुणी म्हणेल, तुम्हा चळवळवाल्यांना हसताच येत नाही. साफ चूक. सत्यशोधक जलशात काय होतं? भीमराव कर्डकांच्या जलशात काय होतं? फार्स होता, सोंगं होती, पोट धरून हसणं होतं. पण ते हसू भटजीवर, सावकारावर, अंधश्रद्धेवर होतं. हसणारा वस्तीतला होता आणि ज्याच्यावर हसायचं तो वाड्यावरचा. आपल्या परंपरेत विनोद बंदूक भरून येतो.

आपल्याकडे लोकगायकाभोवती फिरणारा चित्रपटही झाला आहे, 'कोर्ट', २०१४ चा. त्यातल्या शाहिरावर आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली. हास्यास्पद आरोप आहे की नाही? प्रेक्षक हसतातही, पण तो खटला चालतो, आणि चालतच राहतो. ती भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले. ११ जुलै १९९७ ला रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी दहा माणसं मारली. शाहीर विलास घोगरेंनी त्यानंतर काही दिवसांतच गळफास घेतला. त्यांच्यापासून सुरू होणारा 'जय भीम कॉम्रेड' हा खराखुरा माहितीपट आहे. कबीर कला मंचाची पोरं गाण्यापायी तुरुंगात गेली. यांच्यावर 'किती गोड' म्हणता येईल असं काय आहे?

पण दोष फक्त अमेरिकन चाहत्यांचा नाही. आपल्याच जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर रिमिक्स वाजतं आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या शाहिराला 'दादा, दोनच कडवी हं' असं सांगितलं जातं. त्याचा फाटका आवाज, खाली-वर होणारी पेटी मोबाइलवर टिपून 'क्यूट' म्हणून पुढे पाठवणारी पोरं आपलीच आहेत. उद्या कुणी भीमगीत गाणाऱ्यांवर अशीच मवाळ मॉक्युमेंटरी काढली, तर पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणारे आपणच असू, ही आम्हाला भीती आहे.

येत्या १४ एप्रिलसाठी मंडळाची बैठक बसेल. डीजेच्या सुपारीचा आकडा निघेल, तेव्हा शाहिराचं मानधन किती धरलंय ते आधी विचारा. आणि आकडा निघालाच नाही, तर कुणी सुचवलं नाही ते इतिवृत्तात लिहून घ्या.

जय भीम!